पान पाचवरची ममता

मी लाल पेनाची बाई. चौतीस वर्षं यवतमाळात मराठी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता लीलाबाई गप्प बसतील. मी जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं मासिक हातात घेतलं. सोळा पानांचं मासिक, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गफ्फारभाईंच्या प्रेसमध्ये छापतात. त्यात भजनं असतात, पाळकांचा संदेश असतो, लग्नामयतीच्या बातम्या असतात. गोष्ट मात्र कधी नसायची. ती मी सुरू केली.

सुरू केली आणि पस्तावले. गोष्टी पाठवा म्हटलं तर अकरा आल्या. अकराही गोष्टींत पहिल्या पानावर नवरा दारू पितो, दुसऱ्यावर बायकोला मारतो, तिसऱ्यावर त्याला भजन ऐकू येतं आणि चौथ्यावर तो देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर रडतो. अकरा नवऱ्यांनी दारू सोडली. आमच्या गल्लीत इतक्या वर्षांत एकानंही सोडलेली मी पाहिली नाही.

बारावी गोष्ट वणीहून आली, बबिता नावाच्या मुलीची. ती कोळशाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर काम करते. ट्रक काट्यावर चढतो, ती वजन घेते, पावती देते आणि दुसरा ट्रक येईपर्यंत पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. तिच्याही गोष्टीत नवरा दारू सोडत होता. पण एका ठिकाणी, पावतीसाठी थांबलेला ड्रायव्हर शर्टाच्या बाहीनं आरसा पुसतो आणि मग त्याच बाहीनं आपलं तोंड पुसतो, असं एक वाक्य होतं. मी तेवढ्याच वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हे तू पाहिलेलं आहेस. बाकीचं ऐकलेलं आहे. पाहिलेलं पाठव.’

चार दिवसांनी तिचा फोन आला.

“बाई, मंग गोष्ट छापणार नाही काय?”

“नाही. तुझा ड्रायव्हर ‘हे भगिनी, मी महापापी आहे’ असं म्हणते. वणीत असं कोण बोलते?”

“कोणीच नाही.”

“मग त्याच्या तोंडी काहून टाकलं?”

“ख्रिस्ती गोष्ट आहे ना बाई. मले वाटलं, त्यात आपलं साधं बोलणं बरं नाही दिसत.”

मला हसू आलं आणि रागही आला. राग तिचा नव्हता. मी पंचविशीत असताना गोष्टी लिहीत होते. एका पाळकांनी वही चाळून विचारलं होतं, “हे खरं घडलं का?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “मग ख्रिस्ती बाईनं खोटं कशाला लिहावं?” मी वही माळ्यावर टाकली. ते पाळक वारले, वहीला वाळवी लागली, पण माझा राग अजून चांगला धडधाकट आहे. या मुलीची वही माळ्यावर जाऊ द्यायची नाही, एवढं मी त्या फोनवरच ठरवलं.

पुढचे आठ महिने मी तिला छळलं. दर महिन्याला तिची गोष्ट यायची आणि लाल होऊन परत जायची. मी लिहायचे, देवाला तुझ्या गोष्टीत नोकरीला ठेवू नकोस, दर चौथ्या पानावर त्यानं हजर राहिलंच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नाही. वाईट माणसाला एखादी चांगली सवय दे. चांगल्या माणसाचा मधूनमधून वैताग येऊ दे, आपल्या मंडळीतल्या चांगल्या माणसांचा येतोच. बाई प्रार्थना करते असं लिहिलंस, पण तेव्हा तिच्या हातात काय होतं? कोथिंबीर निवडत होती का? मग कोथिंबीर लिही. शेवटी उपदेश लिहायची फार हुक्की आली तर खुशाल लिही, आणि पाठवण्याआधी तेवढा परिच्छेद फाडून चहा पी.

एकदा तिनं विचारलं, “पण बाई, देव दिसलाच नाही तं लोक म्हणतीन, यात ख्रिस्ती काय आहे?”

“तू आहेस ना त्यात,” मी म्हटलं. “तू ज्या मायेनं त्या माणसाकडं पाहतेस, ते दिसते. तेवढ्यावर भरवसा ठेव आणि लिही.”

सप्टेंबरात तिची ‘ममता’ आली. ममता स्वतःच आपली हकिगत सांगते. तिचा नवरा ट्रक घेऊन चंद्रपूरच्या रस्त्यानं गेला आणि चार वर्षं झाली, आला नाही. ती रोज संध्याकाळी दोन ताटं वाढते. दुसरं ताट सकाळी स्वतःच खाते, कारण अन्न टाकवत नाही. रविवारी देवळात शेवटच्या बाकावर बसते. लोकांना वाटतं, ही देवावर रुसली. रुसलेली ती आहेच, पण शेवटच्या बाकावरून उघड्या दारातून रस्ता दिसतो म्हणून ती तिथं बसते. शेवटी उपासना चालू असताना ट्रकचा हॉर्न वाजतो. ती उठते. तो ट्रक दुसराच असतो. ती पुन्हा बसते आणि सगळ्यांबरोबर पुढचं कडवं म्हणते. एवढीच गोष्ट. मी लाल पेन उघडलं, तीनदा वाचलं आणि पेन बंद केलं.

आता माझी चूक सांगते. आमच्या मासिकाचं पान पाच हे साक्षीचं. म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याची साक्ष दुसरा कोणी लिहून घेतो आणि खाली आपलं नाव घालतो. बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला बाया चटईवर बसल्या की मासिक उघडतं ते थेट पान पाचवर. साक्ष मोठ्यानं वाचायची आणि मग त्या माणसासाठी प्रार्थना करायची, अशी गावोगावची रीत आहे. पाळकांचा संदेश पान दोनवर असतो, तो बहुतेक पाळकच वाचतात.

ऑक्टोबरात साक्ष आलीच नाही. गफ्फारभाईंचा फोन आला, “मॅडम, पाच नंबर खाली है. क्या डालूं?” मी म्हटलं, ममता टाका. पान पाचच्या डोक्यावर ‘साक्ष’ हा शब्द कायमचा बसवलेला असतो, हे मला ठाऊक होतं. प्रूफ आलं. मी तीन स्वल्पविराम दुरुस्त केले, एक वेलांटी बदलली आणि सही केली. डोक्यावरचा शब्द मला दिसलाच नाही. आधी प्रश्न वाचा आणि मग उत्तर लिहा, हे मी चौतीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलेलं आहे.

पांढरकवड्याजवळ केळापूरला आमची एक लहानशी मंडळी आहे. तिथं घरसभेत पान पाच वाचलं गेलं. खाली नाव बबिताचं, गाव वणी, म्हणजे वणीच्या ममताबाईंची साक्ष बबितानं लिहून घेतली, असं सगळ्यांनी धरलं. तीन बुधवार त्या लोकांनी ममतासाठी गुडघे टेकले. मग एक लुगडं, पायलीभर तूर आणि तेलाचा डबा गोळा केला. तिसऱ्या बुधवारनंतरच्या शनिवारी मंडळीचे पंच संजय वानखडे आणि चार बाया जीप करून वणीला निघाले. पत्ता नव्हता, म्हणून विचारत विचारत बबिताच्या काट्यावर पोचले.

बबिता खिडकीतून पावती देत होती. मागं ट्रकांची रांग. संजयभाऊंनी तेलाचा डबा खाली ठेवला आणि विचारलं, “ममताबाई कुठं राहतेत?”

ती म्हणाली, “ममता नाही आहे भाऊ. मी बनवली. ते गोष्ट आहे.”

बायांना आधी कळलंच नाही. एकीनं विचारलं, “नाही आहे म्हणजे? गेली काय?” मग कळलं. तेलाचा डबा पुन्हा जीपमध्ये चढला. संजयभाऊ जाताना काही बोलले नाहीत, आणि बबिताला तेच सगळ्यात जास्त लागलं.

मला मात्र ते बोलले. त्याच संध्याकाळी फोन आला.

“मॅडम, तीन आठवडे आमी जी बाई नाहीच तिच्यासाठी प्रार्थना करून राह्यलो होतो. आमाले येडे समजता काय तुमी?”

मी मास्तरीण. मी वाद घालायला गेले. म्हटलं, “संजयभाऊ, प्रभू येशूनं दाखले सांगितले, त्याही गोष्टीच. ऐकणारे त्यातल्या माणसांचा पत्ता शोधत गेले का?”

“प्रभूनं वर ‘साक्ष’ असं लिहून नोतं सांगितलं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “ती चूक माझी आहे. छापून माफी मागते.”

“तुमी छापा. पण त्या पोरीनंबी येऊन सांगितलं पाहिजे, का मी खोटं लिवलं. पुढच्या रविवारी हंगामाची उपकारस्तुती आहे, पीक घेऊन सारे जमतीन. अन् यापुढं मासिकात गोष्टी बंद.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “मी रडलो मॅडम त्या बाईसाठी. माह्या बायकोसमोर रडलो.”

लगेच बबिताला फोन लावला. ती आधीच ठरवून बसली होती.

“मी जातो बाई. माफी मागतो अन् मंग लिवणं बंद करतो. लोकायले फसवून काय लिवाचं?”

“तू कोणाला फसवलं नाहीस. फसगत माझ्या डोळ्यांनी केली.”

“पण ते रडले ना बाई. खोट्यासाठी रडले.”

मी पुष्कळ बोलले, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, “तुमी याल ना तिकडं?” म्हणजे माझ्या बोलण्याचा काही उपयोग झालेला नव्हता. मला भीती वाटली. चाळीस वर्षांपूर्वीचा माळा मला डोळ्यांसमोर दिसत होता.

रविवारी मी पहिल्या बसनं यवतमाळहून निघाले, ती वणीहून मारेगाव-करंजीमार्गे आली. केळापूरच्या देवळासमोर आम्ही भेटलो. पत्र्याचं छप्पर, पुढं कडूनिंब, आणि आत वेदीपाशी हंगामाचं पहिलं फळ मांडलेलं. कापसाचा ढीग, तुरीच्या शेंगा, कोहळे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. उपासना संपली की या सगळ्याचा लिलाव होतो आणि कोंबडीवरून भावाभावांत चढाओढ लागते. कोपऱ्यात ते लुगडं, तूर आणि तेलाचा डबाही होता. डब्यावर चिकटपट्टीवर ‘ममता’ लिहिलेलं अजून तसंच होतं.

बबितानं माझ्या हातात कागद दिला. बसमध्ये माफी लिहून काढली होती. ‘मी पापिणीने असत्य कथन करून पवित्र मंडळीची घोर वंचना केली’ अशी सुरुवात होती. मी पिशवीतून लाल पेन काढलं.

“बाई, आता कायले?” ती म्हणाली.

“आठ महिने घसा कोरडा केला आणि माफी मागताना तू पुन्हा त्याच भाषेत गेलीस. तुझ्या मनाला पटत नसलं की तुझी भाषा अशी फुगते, हे मला आता पाठ झालं आहे. पानाची माफी माझी आहे, ती मी मागते. तुला ममताची माफी मागायची असेल तर माग, पण साध्या शब्दांत माग. साध्या शब्दांत जमतं का बघ.”

मी कागद तिला परत दिला. आत भजन सुरू झालं म्हणून आम्ही गेलो.

संदेश झाल्यावर मला बोलावलं. मी उभं राहून सांगितलं की मथळा माझ्या नजरेतून सुटला, दोष माझा, आणि वयाचं कारण मी देणार नाही, कारण मी तरुणपणीही मथळे वाचत नव्हते. दोनचार लोक हसले. संजयभाऊ हसले नाहीत. मग बबिता उठली. कागद तिनं घडी करून मुठीत धरला होता, उघडला नाही.

“मी वणीले काट्यावर काम करतो,” ती म्हणाली. “दिवसभर ट्रक पाहतो. कोणाकोणाच्या घरच्या बाया विचाराले येतात, का आमचा माणूस इकडून गेला काय. मी रजिस्टर पाहून सांगतो. कधी सापडते, कधी नाही. ममता त्यातली कोणती एक नाही. मी तिले बनवली. तुमाले वाटलं ती खरी आहे, अन् तुमी…” तिनं कोपऱ्यातल्या डब्याकडं पाहिलं. “तुमी तिच्यासाठी तूर आणली. मी हे सांगाले आली होती, का ती…”

“थांब वं पोरी.”

आवाज मागून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला, एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. तुळसाबाई. बबिताला तिचं नाव माहीत नव्हतं, मलाही तेव्हाच शेजारच्या बाईनं सांगितलं. ती बसूनच बोलली.

“माह्या घरचा माणूस आदिलाबादकडं विहिरीच्या कामावर गेलता. एकोणीस वर्सं झाले. इथं साऱ्यायले माहीत आहे, पण आता कोणी नाव काढत नाही. हे पान वाचलं तवा मले राग आला. म्हणलं, माह्यं घरचं कोणं जाऊन सांगितलं? इथून रस्ता दिसते म्हणून मी बसतो, हे मी कोणाले सांगितलं नोतं.”

देवळात एक कोंबडी तेवढी फडफडली.

“मंग पुढं वाचलं, का ती ताट वाढते. मी ताट नाही वाढत. मी दारात पाण्याचा तांब्या ठेवतो. तवा समजलं, हे मी नाही, दुसरी आहे. मले बरं वाटलं. एकोणीस वर्सांत पयल्यांदा वाटलं, का आपण दोघी आहो.” तिनं बबिताकडं बोट केलं. “आता तू म्हणशीन, ती नाहीच. तसं नको म्हणू.”

बबिता उभीच होती. रडत होती, पण तोंड लपवत नव्हती. मला तर डोळे पुसायला पदर सापडेना.

“नाही म्हणत, आजी,” ती म्हणाली.

“अन् पुढच्या गोष्टीत तिले इकडं केळापूरले पाठव. बाक मोठा आहे.”

बबितानं मुठीतला कागद घडीवर घडी घालून अगदी लहान केला आणि पर्समध्ये टाकला. मग ती पुढं आपल्या जागेवर आली नाही. मागं जाऊन तुळसाबाईच्या बाकावर बसली. तुळसाबाईनं सरकून जागा दिली, पण दाराकडची बाजू सोडली नाही.

शेवटची प्रार्थना पंचांची असते. संजयभाऊ पुढं आले. हे गृहस्थ प्रार्थनेला उभे राहिले की ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ पासून सुरू होतात आणि अर्धा तास जमिनीवर उतरत नाहीत, अशी त्यांची ख्याती आहे. आज त्यांनी नुसते डोळे मिटले.

“बापा,” ते म्हणाले, “तुळसाबाई आमच्यातच बसून राह्यली होती. आमी तिच्यासाठी कधीचंच मागणं सोडून देल्लं. जीप करून वणीले गेलो, अन् मागच्या बाकावर नाही गेलो. आमाले माफ कर. तिच्या माणसाची खबर लागू दे. नाहीच लागली तं आमी तिच्या दारात जात जाऊ, एवढी अक्कल दे.” मला वाटलं आमेन म्हणतील. “अन् ममतालेबी सांभाळ. आमेन.”

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हटलं, आणि गोष्टीतल्या बाईसाठी आमेन म्हणताना मला जराही चुकल्यासारखं वाटलं नाही.

लिलावात यंदा कोहळेच जास्त गाजले. तेलाचा डबा आणि बाकीचं सामान लिलावात काढायचं का, असं कोणी विचारलं तर संजयभाऊंची बायको म्हणाली, “ते तुळसाबाईकडं ठेवा. ममता आली का देईन तिले.” तुळसाबाईनं मान हलवली आणि डब्यावरची चिकटपट्टी अंगठ्यानं नीट दाबून बसवली.

जेवणं झाल्यावर संजयभाऊ माझ्याजवळ आले. चपलेनं माती उकरत म्हणाले, “मॅडम, गोष्टी बंद नका करू. पान पाचवरच छापा, लोक तेच पान वाचतेत. फक्त वर मोठ्या अक्षरात ‘गोष्ट’ लिवा.”

“किती मोठ्या?”

“तुमाले दिसीन एवढ्या,” ते म्हणाले.

परतताना पांढरकवड्याच्या स्टँडवर बबिता आणि मी बसची वाट बघत बसलो. तिनं पर्समधून तीच माफीची घडी काढली, मांडीवर सपाट केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. मी मुद्दाम दुसरीकडं बघत राहिले. लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावू नये, एवढी शिस्त मी पाळते. वणीची गाडी लागली तेव्हा तिनं कागद माझ्या हातात कोंबला.

“बाई, पाहून ठेवजा. बाकीचं उद्या काट्यावर लिवतो.”

“बंद करणार होतीस ना?”

“आजी वाट पाहून राह्यली,” ती म्हणाली आणि गर्दीत धक्के देत चढली.

माझी बस सुटल्यावर मी कागद उघडला. ममता केळापूरच्या फाट्यावर बसमधून उतरते. हातात पिशवी आहे, पिशवीत एक जास्तीचं ताट आहे. ती देवळाचा रस्ता कोणालाही विचारत नाही, कारण वाटेत एका घराच्या दारात पाण्याचा तांब्या ठेवलेला तिला दिसतो. ती तिथं थांबते. एवढंच लिहून झालं होतं. वाटेतल्या मोहद्यापर्यंत मी ते वाचत राहिले आणि लाल पेनाचं टोपण काढावंसं वाटलं नाही. मोहद्याच्या पुढं दोन ठिकाणी काढावं लागलं.